भारताची संशोधन व्यवस्था: घेणारा ठरलेला असतो तिथे ती चालते

प्रश्न विचारला आहे हिंगणा रोडवरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने. त्यांनी फ्लाय अ‍ॅशपासून, म्हणजे वीज केंद्रात कोळसा जळून उरणाऱ्या राखेपासून, पाण्यातलं फ्लोराइड शोषून घेणारा पदार्थ तयार केला. त्यावर पेपर छापून आला, पेटंटचा अर्ज झाला आणि काम तिथेच थांबलं. त्या विचारतात: इनोव्हेशनच्या जागतिक क्रमवारीत भारत वर चढतोय म्हणतात, मग आमच्यापर्यंत ते का पोहोचत नाही? देशाची संशोधन व्यवस्था खरोखर मजबूत आहे का? आणि नागपुरात राहून हे काम पुढे न्यायचा प्रयत्न करावा की सोडून द्यावं?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं नागपुरातच गेली. पाणी आणि सांडपाण्याचं तंत्रज्ञान प्रयोगशाळेतून बाहेर काढून गावात, कारखान्यात बसवायचं, हे काम. आता नव्या कंपन्यांना सल्ला देतो. त्यामुळे उत्तर लांबेल आणि पाण्याकडे जरा झुकलेलं असेल.

माझं मत आधी सांगतो. आपली व्यवस्था कमजोर नाही, पण ती एका अटीवर नीट चालते. संशोधनाचा घेणारा आधीपासून ठरलेला असला, त्याच्याकडे पैसे असले आणि निकालाची जबाबदारीही त्याच्याच अंगावर असली, की आपले लोक कमी खर्चात अवघड कामं करून दाखवतात. घेणारा ठरलेला नसला की तेच लोक, त्याच प्रयोगशाळा, पेपरपाशी येऊन थांबतात. पैशाची टंचाई खरी आहे, तिच्याबद्दल पुढे बोलतो. पण मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

सुमारे ६१५ कोटींत चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, हे उदाहरण सगळेच देतात. तिथे यान हवं असणारी आणि यान बनवणारी संस्था एकच आहे, त्यामुळे माझा मुद्दा त्यात सहज बसतो. मला मात्र रोटाव्हॅक लसीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबाने आपल्याकडे दरवर्षी हजारो लहान मुलं दगावत होती. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. एम. के. भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात बाळांमध्ये या विषाणूचा असा प्रकार सापडला, की तो शरीरात असूनही बाळं आजारी पडत नव्हती. त्यातून लस तयार व्हायला, चाचण्या व्हायला जवळपास तीस वर्षं लागली. जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतल्या संस्था, हैदराबादची भारत बायोटेक असे अनेक हात लागले. २०१४ मध्ये परवाना मिळाला आणि २०१६ पासून लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली. इतकी वर्षं ही सगळी मंडळी टिकून राहिली, त्यामागे एक मोठं कारण होतं: लस चांगली ठरली आणि स्वस्त ठरली, तर सरकार ती कोट्यवधी बाळांसाठी विकत घेईल हे सगळ्यांना दिसत होतं. डोसची किंमत एका डॉलरच्या आसपास ठेवायची, हे कंपनीने आधीच सांगितलं होतं. आपल्या व्यवस्थेचं खरं बळ इथे दिसतं: दर्जेदार विज्ञान, चिकाटी, खाजगी कंपनीचं उत्पादन आणि शेवटी सरकारी खरेदी.

नागपुरातही असं घडलं आहे. फटाक्यांचा विषय घ्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यापुढे कमी प्रदूषण करणारेच फटाके चालतील. त्या एका आदेशाने शिवकाशीच्या सगळ्या उद्योगाला नव्या फॉर्म्युलाची गरज पडली. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तो दिला, स्फोटकांना मंजुरी देणाऱ्या पेसो या यंत्रणेचं मुख्यालयही नागपुरातच, आणि वर्षभरात ग्रीन फटाके बाजारात आले. पुढे नकली माल, नकली क्यूआर कोड असे प्रकार झाले, अंमलबजावणी ढिली राहिली, हे मान्य. पण प्रयोगशाळा ते बाजार हे अंतर वर्षभरात कापलं गेलं, हेही खरं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, नीरीची सलाइन गार्गल चाचणी आली. मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या, नळीत थुंकायचं, तेवढाच नमुना. नाकात काडी घालणं नाही, आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, वेगळं काढण्याचं महागडं किट नाही. आयसीएमआरने मान्यता दिली, कारण नमुने तपासायला माणसं आणि किट कमी पडत होती. घेणारा दारात उभा होता. नागपूरच्या खाजगी कंपनीत तयार झालेलं नागास्त्र-१ हे आत्मघाती ड्रोन २०२४ मध्ये लष्कराकडे गेलं, तेही असंच. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, १३० एमएलडी, म्हणजे रोज १३ कोटी लिटर, क्षमतेच्या प्रकल्पातून. त्यातलं तंत्र जगावेगळं नाही. महाजनको या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने ते पाणी घेण्याचा करार केला, म्हणून नळी टाकली गेली आणि प्रकल्प चालतो. इनोव्हेशन म्हणजे नवीन यंत्र, असं समजणाऱ्यांनी एकदा तो करार वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू. तुमचा विषय फ्लोराइड आहे, तर नलगोंडा पद्धतीपासूनच सुरुवात करू. ही पद्धत १९७०च्या दशकात नीरीने, म्हणजे आपल्या गावात, बसवली. नाव आजच्या तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून पडलं. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर टाकायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. तुरटीच्या ज्या गुठळ्या तयार होतात त्या फ्लोराइडला धरून तळाशी जातात. घरच्या बादलीतही होतं आणि गावच्या टाकीतही. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ही पद्धत उचलली. विज्ञान म्हणून यात खोट काढणं कठीण आहे.

पण गावात बसवल्यावर काय होतं? तुरटी किती टाकायची, हे पाण्यातलं फ्लोराइड आणि पाण्याची क्षारता पाहून ठरतं, आणि ही दोन्ही ऋतूनुसार बदलतात. म्हणजे कोणीतरी पाणी तपासलं पाहिजे. रोज मोजून डोस दिला पाहिजे. तुरटी कमी पडली तर फ्लोराइड राहतं, जास्त झाली तर पाण्याला चव येते आणि अ‍ॅल्युमिनियम उरतं. खाली जो गाळ साठतो त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि फ्लोराइड दोन्ही असतात, तो टाकायचा कुठे? मी पाहिलेल्या एका गावात संयंत्र उद्घाटनाच्या दिवशी छान चाललं. पुढे ऑपरेटरचं मानधन थकलं, त्याने दुसरं काम धरलं, आणि गाळ उपसायला कोणी आलं नाही. टाकी कोरडी पडली आणि लोक पुन्हा जुन्या हातपंपावर गेले. संयंत्र बसवण्याचा निधी एका खात्याचा, चालवण्याचा खर्च ग्रामपंचायतीचा, पाणी तपासणी तिसऱ्या कोणाची. फ्लोराइडमुळे मुलांचे दात पिवळे पडतात, मोठ्यांची हाडं आखडतात, तो खर्च आरोग्य खात्याच्या हिशेबात. म्हणजे फ्लोराइड काढून ज्याचा फायदा होणार, त्याच्या हातात खरेदीची सही नाही. तुमचा पदार्थ जिथे अडला आहे, ती जागा हीच.

यात नव्या तंत्राची आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना दिसत नाही. कार्यकारी अभियंत्याला काम काढायचं तर त्याला दरसूचीचा, म्हणजे मंजूर दरांच्या सरकारी यादीचा, आधार लागतो. तुमचा पदार्थ दरसूचीत नाही, म्हणून त्याचा अंदाजपत्रकात समावेश करायला तो कचरतो. तो समावेश नाही म्हणून कुठे वापर नाही, आणि वापराचा दाखला नाही म्हणून दरसूचीत येत नाही. त्यात लेखापरीक्षणाची भीती. सर्वात कमी दराची निविदा सोडून नवीन काही घेतलं आणि ते बिघडलं, तर चौकशी त्याची होणार. चाललं तर कौतुक कोणी करणार नाही. या माणसाला दोष देऊन काही साधत नाही, त्याच्या पाठीशी उभी राहणारी तरतूद हवी. माझ्या मते देशाच्या इनोव्हेशन धोरणातलं सगळ्यात मोठं भोक इथे आहे, आणि परिषदांमध्ये यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

शेतीतही हेच. बोंडअळीला मारक जनुक घातलेला बीटी कापूस २००२ मध्ये आला तो संकरित वाणांमधून, म्हणजे बियाणं दरवर्षी विकत घ्यायचं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सूरजसारखे सरळ वाण दिले, ज्यांचं बी शेतकरी घरी ठेवू शकतो. पण बी घरी राहिलं तर बियाणं कंपनीने दुकानात काय विकायचं? त्यामुळे कोरडवाहू विदर्भाला सोयीचे वाण असूनही ते पसरवणारा समर्थ घेणारा मिळाला नाही. मधल्या काळात गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली, फवारण्या वाढल्या, आणि २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर मेले.

कापसाच्या बाबतीत सगळा दोष घेणाऱ्यावर टाकता येत नाही, हेही सांगायला हवं. बिकानेरी नरमा हे सार्वजनिक संस्थांचं बीटी वाण, त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली. बी घरी ठेवता येईल असं बीटी, म्हणजे शेतकऱ्याला हवं तेच. पण त्यात मोन्सॅन्टोचं जनुक आढळलं आणि २००९ मध्येच विक्री थांबवावी लागली. मागणी होती, निधी होता, शास्त्रज्ञ होते. कमी पडली ती आतली तपासणी, नोंदी आणि दुसऱ्याने पुन्हा करून पाहण्याची शिस्त. त्या एका प्रकरणाने सार्वजनिक संस्थांवरचा विश्वास बरीच वर्षं मागे गेला.

संत्र्याचं चित्र थोडं आशादायक आहे. अमरावती रोडवरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमं तयार करते. डिंक्या रोगाने झाडं जाताना पाहिलेल्या काटोल-वरुडच्या शेतकऱ्याला ती हवी आहेत. पण लागवडीच्या वेळी हवी तितकी मिळत नाहीत, मग तो शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकेतून जे मिळेल ते आणतो. शास्त्र तयार, घेणारा तयार, मधला उत्पादनाचा टप्पा लहान. २०२४ मध्ये केंद्राने स्वच्छ रोपांचा कार्यक्रम मंजूर केला, त्यात संत्र्यासाठी नागपूरचं केंद्र आहे. ते रोपवाटिकांना सोबत घेऊन चाललं तर फरक पडेल. त्यांना वगळून चाललं तर पडणार नाही.

आता पैशाचं. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन-विकासावरचा खर्च एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. रुपयांत तो दहा वर्षांत दुपटीहून जास्त झाला, सव्वा लाख कोटींच्या वर गेला, पण अर्थव्यवस्थाही वाढली, त्यामुळे टक्का वाढला नाही. चीन दोन टक्क्यांच्या पुढे, दक्षिण कोरिया चारच्या पुढे. तिकडे हा खर्च मुख्यतः उद्योग करतात, आपल्याकडे खाजगी उद्योगाचा वाटा जेमतेम ३६ टक्के. औषध कंपन्या, वाहन कंपन्या सोडल्या तर आपला उद्योग तंत्रज्ञान विकत आणणं पसंत करतो. संशोधनावरच्या खर्चाला पूर्वी करपात्र उत्पन्नातून २०० टक्के वजावट मिळायची, ती आधी १५० आणि २०२० पासून १०० टक्क्यांवर आली. हे धोरण मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखानदाराला प्रयोगशाळा उभारायला तेवढंच एक निमित्त होतं.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट, त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. उद्योगाची आजवरची सवय पाहता हा आकडा मला फार आशावादी वाटतो. त्यापेक्षा जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन-विकास निधी जास्त विचारपूर्वक वाटतो, कारण तो नमुना तयार झाल्यानंतरच्या टप्प्यासाठी, दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जाच्या रूपाने आहे. फक्त कर्ज घेणाऱ्याला गिऱ्हाईक दिसलं पाहिजे. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा.

रोजच्या कटकटीही कमी नाहीत. फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड घ्या. त्याच्या टोकाला लँथेनम फ्लोराइडचा स्फटिक असतो, तो खराब झाला की रीडिंग सरकत जातं. वस्तू लहान, पण तिच्याशिवाय अख्खा प्रबंध अडतो. मागणीपत्र, सरकारी खरेदी पोर्टलवर शोध, दरपत्रकं, सर्वात कमी दर, मग येतो तो भलत्याच कंपनीचा, तुमच्या मीटरला न जुळणारा. तोवर फेलोशिपची मुदत संपत आलेली असते. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, संचालकांना आणि कुलगुरूंना पोर्टलबाहेर खरेदीची मुभा दिली. फार चांगला निर्णय. पण तुमच्यासारख्या कॉलेजच्या टेबलापर्यंत ती मुभा झिरपलेली नाही. कनिष्ठ फेलोशिप २०२३ पासून ३७ हजार झाली, हेही चांगलं. ती दर महिन्याला वेळेवर मिळाली तर जास्त चांगलं.

उच्च शिक्षणातले देशातले बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या कॉलेजांत शिकतात, आणि संशोधनाचा निधी मात्र केंद्रीय संस्थांकडे एकवटलेला. शंभर वर्षं पूर्ण केलेल्या आपल्या नागपूर विद्यापीठात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, तर संशोधन करायचं कोणी? दहा लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे जेमतेम २६० संशोधक आहेत, चीनमध्ये हजारापेक्षा जास्त. ही माणसं आयआयटीत तयार होऊन पुरणार नाहीत.

क्रमवारीबद्दल थोडंच. २०१५ मध्ये आपण ८१ व्या स्थानी होतो, २०२५ मध्ये ३८ व्या. ही सुधारणा खरी आहे. पेपरच्या संख्येत आपण जगात तिसरे आहोत, पण मागे घेतलेल्या पेपरांतही वरच्या देशांत. बढतीसाठी पेपर मोजले की पेपर येतात, पाणी शुद्ध होत नाही.

तुमच्या कामाकडे येतो. सोडू नका. पण पुढचा पेपर बाजूला ठेवा. पहिली गोष्ट, ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून काढलेली क्षमता विसरा. खऱ्या विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट आणि फॉस्फेट जागेसाठी भांडतात आणि क्षमता बरीच उतरते. दुसरी, राख रोज सारखी नसते. कोराडीची आणि खापरखेड्याची वेगळी, आणि कोळसा बदलला की पुन्हा वेगळी. वेगवेगळ्या खेपांची राख घेऊन तोच निकाल येतो का पाहा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: राखेतून आर्सेनिक, क्रोमियम पाण्यात उतरतं का? या चाचणीचा अहवाल हातात नसेल तर कोणताही शहाणा अभियंता तुमच्याशी बोलणार नाही आणि ते बरोबरच आहे. शेकरवर बाटली हलवून केलेले प्रयोग पुरेत, पदार्थ भरलेल्या स्तंभातून सलग पाणी सोडा आणि हजार लिटरला खर्च किती, वापरून झालेला पदार्थ कुठे जाणार, ही दोन उत्तरं काढा. उपकरणं नसतील तर आय-स्टेम पोर्टलवर शहरातल्या संस्थांची उपकरणं दिसतात. कॉलेजच्या शिक्षकांना राष्ट्रीय संस्थेत अर्धवेळ काम करू देणारी टेअर योजना तुमच्यासारख्यांसाठीच काढली होती, तिची सद्यस्थिती तपासा.

घेणारा शोधताना गावापासून सुरुवात करू नका, हे ऐकायला कठोर वाटेल. काचेच्या, धातूच्या, फॉस्फेट खतांच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात फ्लोराइड असतं, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली मर्यादा त्यांना पाळावीच लागते. न पाळली तर कारखाना बंद पडू शकतो. हा घेणारा पैसे देतो, त्याच्याकडे ऑपरेटर असतो, आणि पिण्याच्या पाण्याइतकी कडक अट नसते. तिथे वर्षभर चाललेल्या संयंत्राच्या नोंदी घेऊन मग जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे जा, तेव्हा अभियंत्याला फाइलवर लिहायला काहीतरी असेल.

पेटंटचं तातडीने पाहा. अर्ज तात्पुरता केला असेल तर बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो, आणि परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते. २०२४ च्या नियमांनी तिची मुदत ३१ महिन्यांवर आणली आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असं समजतात. पेपर अर्जाच्या आधी छापला गेला होता का, हे वकिलाला आधीच सांगा. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, ती घेतली नसेल तर कॉलेजला विचारा.

आणि नमुने आत्तापासून ठरवा. यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातली काही गावं निवडा, कोणत्या विहिरींत फ्लोराइड जास्त आहे ते भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे विचारा. त्याच विहिरींचं पाणी एप्रिल-मे मध्ये घ्या आणि पावसाळ्यानंतर पुन्हा घ्या. दोन्ही वेळचे आकडे मर्यादेत, म्हणजे शक्यतो लिटरला १ मिलिग्रॅमखाली आणि कोणत्याही परिस्थितीत १.५ च्या आत आणता आले, तर मला कळवा. बुटीबोरीत कोणाकडे जायचं ते मी सांगतो.